‘मल्कूता’ म्हणजे राज्य की राजेपण? एका अरामी शब्दाचा अर्थ आणि व्याकरण

प्रश्न थोडक्यात असा होता: येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘तुझे राज्य येवो’ असं आपण म्हणतो, तिथे तिच्या अरामी पाठात ‘मल्कूता’ हा शब्द आहे. (अरामी म्हणजे येशूच्या काळी त्या मुलखात बोलली जाणारी, इब्रीच्या म्हणजे हिब्रूच्या कुळातली भाषा.) हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे त्याचा ‘खरा’ अर्थ ‘राणीचं राज्य’ किंवा ‘स्त्रीशक्ती’ असा आहे का? आणि तो कुठे ‘मल्कू’, कुठे ‘मल्कूत’, कुठे ‘मल्कूता’ असा का दिसतो?

आधी लहान उत्तर देतो. शब्द स्त्रीलिंगी आहे हे खरं, पण राणीशी त्याचा संबंध नाही. मूळ अर्थ ‘राजेपण’. ‘राज्य’ म्हणजे भूभाग हा अर्थ त्याला आहे, पण तो मागाहून येऊन बसलेला. आणि ती तीन रूपं म्हणजे तीन शब्द नव्हेत, एकाच नामाच्या तीन अवस्था आहेत. बायबलातल्या अरामीपासून सीरियाकपर्यंत (ही अरामीचीच नंतरची, ख्रिस्ती लेखनात रुजलेली शाखा) हा विषय मी बरीच वर्षं शिकवतो आहे, आणि दर वर्षी निदान एक विद्यार्थी हाच प्रश्न याच क्रमाने विचारतो. म्हणून जरा बैजवार लिहितो.

लिंगापासून सुरुवात करू, कारण इंटरनेटवर सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. ‘मल्का’ म्हणजे राजा. ‘मल्कता’ म्हणजे राणी. बायबलातल्या दानीएलच्या पुस्तकात, पाचव्या अध्यायात, भिंतीवर उमटलेली अक्षरं पाहून बाबेलच्या बेलशस्सर राजाची गाळण उडते तेव्हा मेजवानीच्या दालनात येते ती ही मल्कता. आणि ‘मल्कूता’ म्हणजे राजेपण. अरामी लिपीत राणी आणि राजेपण यांच्यात फरक फक्त एका ‘वाव’ अक्षराचा. नवशिक्याची नजर त्या वाववरून घसरते आणि राजेपणाची राणी होते. पण राणीतला ‘-ता’ हा राजाची बायको किंवा स्त्री-राजा दाखवणारा आहे, तर मल्कूतामधला ‘-ऊत’ भाववाचक नाम करणारा प्रत्यय आहे. आपल्याकडे पाटीलपासून पाटीलकी होते, तसा. पाटीलकी स्त्रीलिंगी आहे म्हणून ती पाटलीणबाईंची होत नाही. दाढीही स्त्रीलिंगीच आहे की! अरामीत ‘-ऊत’ लागून झालेली झाडून सगळी नामं स्त्रीलिंगी असतात, मग ती महानतेची असोत, निर्दोषपणाची असोत की साक्षीची.

साक्षीचं उदाहरण मला फार आवडतं. उत्पत्तीच्या ३१व्या अध्यायात याकोब आणि लाबान दगडांची रास रचून करार करतात. याकोब तिला इब्रीत ‘गलेद’ म्हणतो, आणि लाबान, जो अरामी आहे, तिला ‘यगर साहदूता’ म्हणतो. साक्षीची रास. सगळ्या इब्री उत्पत्तीच्या पुस्तकात अरामीचे हे एवढे दोनच शब्द, आणि त्यातला दुसरा नेमका आपल्या मल्कूताचा भाऊबंद: ‘साहद’ म्हणजे साक्षीदार, ‘साहदूता’ म्हणजे साक्षीदारपण, साक्ष. मल्का आणि मल्कूता यांचं नातं तंतोतंत हेच.

मग स्त्रीलिंगाचा काही उपयोग आहे की नाही? आहे, आणि तो व्याकरणात आहे. क्रियापद आणि विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतात, त्यामुळे कर्ता कोण हे ओळखता येतं. सीरियाक बायबलात, म्हणजे पशीत्तात, प्रार्थनेची ती ओळ ‘तेथे मल्कूथाख’ अशी आहे. ‘तेथे’ म्हणजे ‘(ती) येवो’. कर्ता पुल्लिंगी असता तर ‘नेथे’ झालं असतं. सुरुवातीच्या ‘त’मुळे येणारी ती मल्कूता आहे हे पक्कं होतं. दानीएल २:३९ मध्येही तसंच: ‘तुझ्यानंतर दुसरं राज्य उठेल’ यातलं ‘उठेल’ हे ‘तकूम’ आहे, ‘यकूम’ नाही, आणि ‘दुसरं’ हे ‘ओहोरी’ असं स्त्रीलिंगी रूपात आहे. पुढच्याच ओवीत चौथं राज्य लोखंडासारखं ‘तक्कीफा’ होईल म्हटलंय, म्हणजे ‘बळकट’, स्त्रीलिंगी. एवढंच. यात गूढ काही नाही.

आता तीन रूपं. अरामी नामाला तीन अवस्था असतात. पहिली मोकळी अवस्था: ‘मल्कू’, एखादं राजेपण, एक राज्य. दुसरी जोडलेली अवस्था, जिच्यामागे लगेच ‘कुणाचं’ हे येतं: ‘मल्कूत दारयावेश’, दारयावेश राजाचं राजेपण. तिसरी ठाम अवस्था, शेवटी ‘आ’ लागलेली: ‘मल्कूता’, ते राजेपण, ठरावीक. मोकळ्या अवस्थेत शेवटचा ‘त’ गळून पडला; मागे काही जोडलं की तो पुन्हा उभा राहतो. म्हणून सर्वनामं जोडतानाही त दिसतो: मल्कूती माझं, मल्कूताख तुझं, मल्कूतेह त्याचं. अनेकवचनात एक गंमत होते. ‘ऊ’चा ‘व’ होतो: मल्कवाता. दानीएल २:४४ मध्ये ‘ती सगळी राज्यं’ म्हणताना हेच रूप आहे. संस्कृत शिकलेल्यांना याचं नवल वाटू नये. ‘सु’ पुढे ‘आगत’ आलं की ‘स्वागत’ होतं, तोच मामला.

एक सावधगिरी. बायबलातल्या अरामीत मोकळी अवस्था आणि ठाम अवस्था यांच्यातला फरक जिवंत आहे. मल्कू म्हणजे ‘एक’, मल्कूता म्हणजे ‘ते’. काही शतकांनंतरच्या सीरियाकमध्ये हा फरक जवळपास पुसला जातो आणि मल्कूथा हेच शब्दाचं नेहमीचं रूप होऊन बसतं. त्यामुळे पशीत्तातल्या ‘मल्कूथा’चा शेवटचा ‘आ’ पकडून ‘तेच एकमेव राज्य’ असा सिद्धांत उभा करू नये. माझ्याकडे अशा सिद्धांतांची एक छोटी वहीच भरली आहे.

अर्थाकडे येतो. इथे मला मराठीचा फार आधार होतो, कारण आपल्याकडे या शब्दाला अगदी जुळणारा एक शब्द आहे: पेशवाई. ‘पेशवाईची वस्त्रं मिळाली’ यात पेशवाई म्हणजे पद. ‘पेशवाईत असं होत नसे’ यात काळ. ‘१८१८ साली पेशवाई बुडाली’ यात सत्ता, दौलत, मुलूख सगळंच. तिन्ही अर्थ एका माणसापासून, म्हणजे पेशव्यापासून, निघतात आणि बाहेरबाहेर पसरत जातात. मल्कूताचं हुबेहूब तसंच आहे. आधी राजा नावाचा माणूस, मग त्याचं राजेपण, मग तो राजा असतानाचा काळ, मग त्याच्या हुकमाखालचा प्रदेश. (पेशवा राजा नव्हता हे मला ठाऊक आहे, उपमा शब्दाच्या बांधणीपुरती घ्या.)

दानीएलचं पुस्तक २:४ च्या मध्यापासून ७व्या अध्यायाच्या शेवटापर्यंत अरामीत आहे आणि राजेपण, काळ, प्रदेश हे तिन्ही अर्थ त्यात सापडतात. ओव्यांचे क्रमांक मी आपल्या मराठी बायबलाप्रमाणे देतो आहे. इब्री छपाईत चौथ्या आणि सहाव्या अध्यायात ते थोडे पुढेमागे होतात.

सगळ्यात बोलकी जागा ४:३१. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर राजवाड्याच्या गच्चीवर फिरत ‘हे थोर बाबेल मीच बांधलं ना’ म्हणतोय, तेवढ्यात आकाशवाणी होते: ‘मल्कूता अदात मिन्नाख’. मल्कूता तुझ्यापासून निघून गेली. (‘अदात’, पुन्हा स्त्रीलिंगी क्रियापद.) आता विचार करा, काय निघून गेलं? बाबेल तिथेच आहे. तटबंदी, कालवे, खंडणी देणारे प्रांत, सगळं जागच्या जागी. गेलं ते त्याचं राजेपण. तो माणसांतून हाकलला जातो, बैलासारखा गवत खातो. ‘राज्य तुझ्या हातून गेले आहे’ असं भाषांतर वाचलं की मराठी वाचकाला शत्रूने शहर घेतल्यासारखं वाटतं, आणि पुढच्या ओव्यांत शत्रू कुठेच दिसत नाही म्हणून तो बुचकळ्यात पडतो. त्याच अध्यायात ४:१७ मध्ये हीच गोष्ट सूत्रासारखी सांगितली आहे: परात्पर देव माणसांच्या ‘मल्कूत’वर अधिकार चालवतो आणि ती त्याला वाटेल त्याला देतो. देण्याघेण्याची वस्तू आहे ती. २:३७ मध्येही देवाने राजाला काय काय दिलं त्याच्या यादीत मल्कूता, बळ, सामर्थ्य, प्रतिष्ठा अशी रांग लागली आहे. त्या रांगेत जमीन बसत नाही, राजेपण बसतं.

काळाचा अर्थ ६:२८ मध्ये अगदी उघड आहे: दानीएलाची ‘मल्कूत दारयावेश’मध्ये आणि ‘मल्कूत कोरेश’मध्ये भरभराट झाली. इथे मराठीत सरळ ‘कारकिर्दीत’ म्हणावं. एज्राच्या पुस्तकातल्या अरामी भागातही यरुशलेमेच्या मंदिराचं काम ‘दारयावेशाच्या मल्कूतच्या दुसऱ्या वर्षापर्यंत’ बंद पडलं असं येतं. सरकारी कालगणनेची ती रीतच होती. भिंतीवरच्या अक्षरांचा उलगडा करताना (५:२६) दानीएल म्हणतो, ‘मने: देवाने तुझी मल्कूता मोजली आणि संपवली’. प्रदेश कोण मोजून संपवतो? मोजले जातात ते दिवस. बेलशस्सराचे दिवस भरले, हे मराठीत सांगायला दुसरा वाक्प्रचार शोधावा लागत नाही. ‘संपवली’ या क्रियापदाला तिथे ‘-अह’, म्हणजे ‘तिला’, असं स्त्रीलिंगी सर्वनाम चिकटलेलं आहे, हे जाता जाता.

प्रदेश म्हणून पाहायचं तर ६:१: दारयावेशाने ‘सगळ्या मल्कूतात’ १२० सुभेदार नेमले. इथे नकाशा आहे, यात वाद नाही.

आणि हे सगळे अर्थ एका ओवीत एकत्र येतात ते ७:२७ मध्ये. ‘मल्कूता, अधिकार आणि सगळ्या आकाशाखालच्या मल्कवातांचं मोठेपण’ परात्पराच्या पवित्र लोकांना दिलं जाईल, असं ती म्हणते. पहिला शब्द एकवचनी, सार्वभौमत्व. दुसरा अनेकवचनी, पृथ्वीवरची राज्यं. दोन्हीकडे ‘राज्य’ लिहिलं की ओवी स्वतःशीच अडखळते.

माणूस आणि सत्ता यांची अदलाबदल इतकी सहज होते की मजकूर स्वतःच कधी एका टोकाला, कधी दुसऱ्या टोकाला जातो. ७:१७ मध्ये चार श्वापदं म्हणजे चार ‘मल्कीन’, चार राजे. सहाच ओव्या पुढे, ७:२३ मध्ये, चौथं श्वापद म्हणजे चौथी ‘मल्कू’. जुन्या ग्रीक भाषांतरकारांनी ७:१७ मध्येही ‘राज्यं’ असंच करून टाकलं. त्यांनी चुकीचं केलं असं मला वाटत नाही. त्यांना अर्थ कळला होता, फक्त खडबडीतपणा घासून काढला.

२:४४ वर मात्र थांबावं लागतं, कारण तिथे एका ठिपक्यावर अर्थ फिरतो. देव कधीही नष्ट न होणारी मल्कू स्थापील, आणि पुढे ‘मल्कूताह दुसऱ्या लोकांकडे सोडली जाणार नाही’. शेवटी ‘हे’ हे अक्षर आहे. दानीएलच्या लेखकांनी ठाम अवस्थेचा ‘आ’ बहुधा ‘अलेफ’ने लिहिला, पण कधीकधी ‘हे’नेही लिहिला, २:११ मध्ये ‘मल्का’ शब्दच ‘हे’ने लिहिलेला आहे. तेव्हा हे रूप ‘ती मल्कूता’ असं वाचता येतं. पण त्या ‘हे’मध्ये उच्चाराचा ठिपका मानला तर ते ‘तिची मल्कूता’ होतं, म्हणजे ‘त्या राज्याची सत्ता’. परंपरेने पहिलं वाचन घेतलं आहे, काही अभ्यासक दुसरं मानतात, आणि मी वर्गात दुसऱ्याच्या बाजूने बोलतो. कारण दुसऱ्या लोकांकडे जाते ती सत्ता. राज्य आहे तिथेच राहतं. नबुखद्नेस्सराच्या गच्चीवर हेच तर शिकलो.

दानीएलच्या बाहेर गेलं की राजेपणाचा अर्थ आणखी ठळक होतो. तोरहचं, म्हणजे बायबलाच्या पहिल्या पाच पुस्तकांचं, अरामी भाषांतर, ओन्केलोसचा तर्गूम, घ्या. निर्गम १५:१८ मध्ये इब्री मजकूर म्हणतो, ‘परमेश्वर सदासर्वकाळ राज्य करील’, सरळ क्रियापद. ओन्केलोस त्याचं करतो: परमेश्वराची ‘मल्कूतेह’ युगानुयुग उभी आहे. क्रियापदाच्या जागी नाम. ‘राज्य करणं’ हे ज्या नामाने भाषांतरित होतं त्या नामाचा अर्थ ‘राज्य करणं’ हाच असणार, इतका सरळ हिशेब. यशया ४०:९ मध्ये इब्रीत ‘पाहा, तुमचा देव’ एवढंच आहे. तिथे संदेष्ट्यांच्या पुस्तकांचा तर्गूम म्हणतो, ‘तुमच्या देवाची मल्कूता प्रकट झाली आहे’. देव दिसला असं म्हणायला भाषांतरकार कचरतो आणि त्याचं राजेपण दिसलं म्हणतो.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींच्या, म्हणजे मराठी ज्यूंच्या, कानावर हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे, अर्थ उलगडून पाहिला असो वा नसो. मृतासाठी आणि प्रार्थनेच्या मधेमधे म्हणतात तो कद्दीश अरामीत आहे, आणि त्यात ‘व्यम्लीख मल्खूतेह’ येतं. ‘तो आपली मल्कूता राजवो’. धातू आणि नाम एकाच मुळाचे, लढाई लढावी किंवा गाणं गावं तसे. मुंबईच्या मांडवीतलं १७९६ सालचं त्यांचं सगळ्यात जुनं सिनेगॉग असो की इस्राएलातल्या अश्दोद किंवा लोदमधलं मराठी घर, ओळ हीच. इथे मल्कूताचा अर्थ भूभाग लावून पाहा. वाक्य मरून जातं.

बाबेलच्या तल्मूदमध्ये, म्हणजे ज्यू आचार्यांच्या धर्मशास्त्रीय चर्चांच्या संग्रहात, शब्द आणखी एक पायरी उतरतो आणि चक्क ‘सरकार’ होतो. तिसऱ्या शतकात बाबेलातल्या नहरदेआ गावी होऊन गेलेल्या श्मुएल या आचार्यांचं सूत्र आहे: ‘दीना दमल्खूता दीना’. सरकारचा कायदा हा कायदा. म्हणजे परक्या राजसत्तेखाली राहणाऱ्या ज्यू माणसाने कर भरायचे, दस्तऐवज सरकारी रीतीने झाले तर ते मानायचे. ज्या शब्दाने देवाचं राजेपण सांगितलं जातं, त्याच शब्दाने कर वसूल करणारी कचेरी. मराठीतल्या ‘सरकार’ची कथाही फार वेगळी नाही, वाड्यातल्या माणसालाही सरकार, मामलेदार कचेरीलाही सरकार.

षष्ठीचा प्रश्न अनेकांना अडतो, तो लवकर उरकतो. ‘देवाचं राज्य’ तीन प्रकारे म्हणता येतं. जुनी, घट्ट जोडणी: ‘मल्कूत’ आणि लगेच नाव. मग ‘द’ वापरून: ‘मल्कूथा दश्मय्या’, स्वर्गाचं राज्य, पशीत्तात मत्तयाच्या शुभवर्तमानात हेच सारखं येतं. आणि तिसरी, सीरियाकची लाडकी: ‘मल्कूथेह दआलाहा’, शब्दशः ‘त्याचं राजेपण, देवाचं’. आधी सर्वनाम, मग नाव. लूक १७:२१ मध्ये ही आहे: पाहा, देवाची मल्कूता तुमच्या आत (किंवा तुमच्यामध्ये) आहे, आणि वाक्याच्या शेवटी ‘ही’, म्हणजे ‘ती’, स्त्रीलिंगी सर्वनाम. मराठी कानाला तो ‘ही’ ओळखीचा वाटतो. योगायोग आहे, त्यावर काही बांधू नका.

लूकमध्येच १९:१२ ला एक दाखला आहे जो या शब्दासाठी मी नेहमी वापरतो. एक उमराव ‘मल्कूता मिळवून परत यावं’ म्हणून दूर देशी जातो. दूर देशी जाऊन भूभाग कसा घेऊन येणार? तो आणतो ते पद. त्या काळच्या यहुदियात हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं होतं. इ.स.पू. ४० मध्ये हेरोद रोमला गेला आणि सिनेटकडून राजा हा किताब घेऊन आला. तो मेल्यावर त्याचा मुलगा अर्खेलाव त्याच खटपटीसाठी रोमला गेला. साताऱ्याहून छत्रपतींकडून वस्त्रं आली की माणूस पेशवा होत असे. तसंच रोमहून. वस्त्रं येण्याआधी आणि नंतर पुण्याच्या हद्दी त्याच असत.

मुळाबद्दल थोडं. म-ल-क हे मूळ सेमिटिक भाषांत सगळीकडे पसरलेलं आहे. इब्री ‘मेलेख’, अरबी ‘मलिक’. अरबीतून फारसीच्या वाटेने त्याची भावंडं आपल्याकडेही आली: मलिक अंबरातला मलिक, घराचा मालक, तहसिलातलं मुलकी काम, आणि मुख्य म्हणजे मुलूख. अरबी ‘मुल्क’ म्हणजे सत्ता, राजेपण. मराठीत येईपर्यंत तो थेट जमीन झाला, इतका की मराठ्यांची स्वारी ‘मुलूखगिरी’ झाली. राजेपण ते जमीन हा जो उतार मल्कूता सावकाश उतरली, तो मुल्कने एका उडीत पार केला. कुराणात मात्र ‘मलकूत’ असा शब्द आहे, ‘आकाशांचं आणि पृथ्वीचं मलकूत’. त्याचा तो ‘-ऊत’ अरबी घडणीचा नाही, अरामीतून आलेला आहे असं अभ्यासक धरतात.

अरामीत याच तीन अक्षरांचा दुसरा अर्थही आहे: सल्ला. दानीएल ४:२७ मध्ये दानीएल राजाला म्हणतो, ‘मल्का, मिल्की...’ म्हणजे ‘महाराज, माझा सल्ला आपल्याला रुचो’. दोन शब्द शेजारी शेजारी, आणि ऐकणाऱ्याला कोटी न कळणं अशक्य. सीरियाकमध्ये स्वर लिहायची सोय होण्याआधी ‘मल्का’ (राजा) आणि ‘मेल्का’ (सल्ला) यांची अक्षरं तीच असायची, म्हणून लेखनिक राजावर ठिपका वर द्यायचे आणि सल्ल्याच्या खाली. हस्तलिखित वाचताना ठिपका पुसला गेला असेल तर राजा बोलतोय की सल्ला दिला जातोय हे संदर्भावरून ठरवावं लागतं. मी एकदा एका वाक्यात अर्धा तास राजा शोधत बसलो होतो. तो तिथे नव्हताच.

भारताचा उल्लेख आलाच पाहिजे, कारण आपल्या सम्राटालाही हा शब्द लागलेला आहे. १९५८ साली अफगाणिस्तानात कंदाहारला अशोकाचा एक शिलालेख सापडला, वर ग्रीक, खाली अरामी. ग्रीकात तो ‘बासिलेउस पिओदास्सेस’ आहे. अरामीत ‘मारान प्रियदर्श मल्का’, आमचे स्वामी प्रियदर्शी राजा. ठाम अवस्था, शेवटी अलेफ, अगदी व्याकरणाच्या पुस्तकातली. इराणी साम्राज्याचा दफ्तरी कारभार अरामीत चाले, आणि साम्राज्य गेल्यावरही त्या भागातले लेखनिक ती भाषा लिहीत राहिले, म्हणून देवानांप्रिय तिथे मल्का झाला.

पारशांच्या पहलवी (मध्य-फारसी) ग्रंथांत याची आणखी विलक्षण अवस्था दिसते. पहलवीत लिहिताना अरामी अक्षरं ‘मल्का’ लिहायची आणि वाचताना फारसी ‘शाह’ वाचायचं. ‘शाहानशाह’ लिहायला ‘मल्का’ला फारसी अनेकवचनाचा ‘न’ जोडून पुन्हा ‘मल्का’ लिहायचे. अरामी अनेकवचन ‘मल्कय्या’ असताना असला संकर करणाऱ्याला अरामी येत नव्हती, हे उघडच आहे. त्याच्यासाठी ते चार अक्षरांचं चित्र होतं. आपण ‘रु.’ लिहून रुपये वाचतो, त्याचीच ही राजेशाही आवृत्ती.

उच्चार. वर मी सोयीसाठी बहुतेक ठिकाणी मल्कूता लिहिलं. दानीएलच्या स्वरचिन्हांप्रमाणे राजा ‘मल्का’ असा कडक ‘क’ने, पण राजेपण ‘मल्खूता’ असं घशातल्या मऊ ‘ख’ने. सीरियाकमध्ये उलट ‘क’ कडक राहतो. ‘त’ मात्र दोन्हीकडे मऊ, ‘थ’कडे झुकणारा, म्हणून सीरियाक रूप मी ‘मल्कूथा’ लिहिलं. पश्चिम सीरियाक परंपरेत ‘आ’चा ‘ओ’ होतो, म्हणून केरळच्या काही चर्चमध्ये, आणि पुण्या-मुंबईतल्या त्यांच्या शाखांमध्ये, ‘मल्कूथोख’ ऐकू येईल. अरामीत ‘क’, ‘त’सारखी काही व्यंजनं मऊ होतात ती स्वराच्या नंतर आली की. ‘मल्खूता’तल्या ‘ख’च्या आधी आज स्वर नाही, म्हणजे ‘ल’ आणि ‘क’ यांच्यामध्ये पूर्वी एक स्वर असावा असं म्हणायला जागा आहे. अरबी ‘मलकूत’मध्ये तो स्वर अजून उच्चारला जातो, हे त्या दृष्टीने पाहण्यासारखं आहे.

शेवटी, मराठीत काय लिहावं? इथे मला माझं जुनं मत बदलावं लागलं. बरीच वर्षं मी ‘तुझे राज्य येवो’ हे सपाट भाषांतर म्हणत असे. मग एका विद्यार्थिनीने विचारलं, ‘सर, मग राज्याभिषेक म्हणजे काय?’ आणि मी गप्प झालो. १६७४ साली रायगडावर अभिषेक झाला तो जमिनीला नव्हे. गड, कोट, मुलूख महाराजांच्या हाती आधीच होते. झालं ते राजेपण. ‘राज्य’ हा संस्कृत शब्द राजन्‌ला भाववाचक ‘य’ लागून झालेला आहे. मल्काला ‘-ऊत’ लागून मल्कूता होते, तसाच. ‘राज्यावर बसणे’ या वाक्प्रचारात तो अर्थ अजून शाबूत आहे. जुन्या भाषांतरकारांनी शब्द बरोबर निवडला होता. दरम्यान आपण ‘महाराष्ट्र राज्य’ आणि ‘राज्य परिवहन’ म्हणायला लागलो आणि शब्दाची जमीन झाली.

तेव्हा सध्या मी असं करतो: दानीएल ४:३१ ला ‘राजेपण’, ६:२८ ला ‘कारकीर्द’, ६:१ ला ‘राज्य’, ७:२७ ला आधी ‘सार्वभौमत्व’ आणि मग ‘राज्ये’, श्मुएलच्या सूत्रात ‘सरकार’. लूक १९:१२ ला ‘राजपद’. आणि प्रार्थनेत हात लावत नाही. फक्त म्हणताना राज्याभिषेकातलं राज्य मनात धरतो.